नभोवाणीकेंद्रांतील एकप्रत ध्वनिमुद्रिका

हस्तलिखितांचे संग्राहक ग्रामोफोनच्या तबकडीस जुन्या वस्तूंत गणतात, पण पोथीच्या पंक्तीस बसवीत नाहींत. छापील पुस्तकाप्रमाणें तिच्या पुष्कळ प्रती निघतात, हें त्याचें कारण. आणि बाजारांत विकलेल्या तबकडीपुरतें तें रास्तहि आहे. परंतु नभोवाणीकेंद्रांत ज्या तबकड्या गायन चालू असतांच कोरल्या जात, त्यांची जात निराळी. त्यांचा विचार एका लहान गांवच्या अमेरिकन केंद्राच्या अनुषंगानें येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उत्तर कॅरोलायना राज्यांत ब्लू रिज पर्वताच्या पायथ्याशीं माउंट एअरी हें गांव आहे. तेथें राल्फ एपरसन यांनीं २ फेब्रुवारी १९४८ रोजीं 'डब्ल्यूपीएक्यू' हें केंद्र सुरू केलें. त्याचें क्षेपण ७४० किलोहर्ट्झवर, म्हणजे सुमारें ४०५ मीटर लांबीच्या मध्यम तरंगांवर होतें. असे तरंग दिवसां जमिनीलगत जातात. वर गेलेले वातावरणाच्या विद्युद्भारित थरांपैकीं खालच्या थरांत शोषले जातात. सूर्यास्तानंतर तो थर विरतो, आणि तेच तरंग वरच्या थरावरून परतून शेंकडों मैल दूर जातात. ७४० वर रात्रीं अग्रहक्क कॅनडाचा असून टोरोंटोचें बलाढ्य केंद्र तेथेंच आहे. म्हणून माउंट एअरीच्या केंद्राचें खरें राज्य दिवस मावळेपर्यंतच. आमच्या मतें ही मर्यादा त्यास उपकारकच झाली. श्रोता शेजारचा, म्हणून वादकहि शेजारचा. 'मेरी-गो-राउंड' हा त्याचा शनिवारचा कार्यक्रम १९४८ पासूनचा. त्यांत आसपासचे वादक फिडल व बँजो घेऊन डोंगरी परंपरेचें संगीत समक्ष वाजवीत आले. याच टापूंतील फिडलवादक टॉमी जॅरेल (१९०१–१९८५) यांस १९८२ सालीं राष्ट्रीय वारसा-सन्मान मिळाला. एपरसन २००६ सालीं निवर्तले. तत्पूर्वीं, १९९९ त, या केंद्राच्या जुन्या मुद्रणांतील निवडक भाग राउंडर कंपनीनें प्रसिद्ध केला होता.

आतां तबकडीकडे वळूं. अमेरिकेंतील केंद्रांत चुंबकीय फीत रुळूं लागली ती १९४८ नंतर. तोंवर केंद्रांतील मुद्रण बहुधा ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लाखेसारखा लेप दिलेल्या तबकडीवर होई. तिचा सामान्य व्यास १६ इंच, आणि एका बाजूस सुमारें १५ मिनिटांचा मजकूर. युद्धकाळीं धातु दुर्मिळ झाल्यामुळें पत्र्याऐवजीं कांच वापरीत. साचा नाहीं, ठसा नाहीं. कोरली ती एकच प्रत. लेप कालांतरानें आकसतो व तडकून सुटतो, पृष्ठावर पांढरी बुरशीसारखी पूड येते. ती बुरशी नसून लेपांतीलच द्रव्य बाहेर आलेलें असतें. पोथीस भय तेलाचें, पाण्याचें आणि शिथिल बंधनाचें. पण वाचल्यानें ती झिजत नाहीं. ही तबकडी मात्र प्रत्येक वाचनास थोडी पुसली जाते.

दुसरी गोष्ट पुष्पिकेची. विकाऊ तबकडीस छापील चिठ्ठी असते. हिला पेन्सिलीनें लिहिलेली दोन अक्षरें, पुष्कळदां तींहि नाहींत. वादकांचीं नांवें, गांव, वार हीं निवेदकाच्या मुखांतूनच कळावयाचीं. एखाद्या पिठाची किंवा बियाण्याची जाहिरात मध्येंच आली, तर कालनिर्णयास ती वाण्याच्या वहीइतकी उपयोगी. असें असतां कांहीं हौशी मंडळी नक्कल करतांना निवेदन व जाहिराती गाळून नुसतें गाणें ठेवितात! शेवटचें पान फाडून पोथी नीटनेटकी करण्याचाच हा प्रकार होय. तालाची चूक, खोकला, वादकांचें आपसांतील बोलणें, हेंहि पाठांतच धरलें पाहिजे; गाळावयाचें तें दुसऱ्या नकलेंत गाळावें.

ज्यांच्या हातीं अशी तबकडी येईल त्यांनीं कुतूहलानें ती ग्रामोफोनवर चढवूं नये. पोलादी सुई एका फेऱ्यांत लेप खरवडून टाकते. प्रथम दोन्ही बाजूंचें व कडेवरील खुणांचें छायाचित्र घ्यावें, पांढरी पूड जाणत्याकडून काढवावी, आणि हलक्या सुईनें पहिलें जें वाचन होईल तेंच नकलेचें वाचन असावें.