वीतभर विमानाचं खरं कॉकपिट

प्लॅस्टिकच्या किटमधून लढाऊ विमान जोडणाऱ्याला पंखांचा रंग आणि अंगावरची चिन्हं शोधायला फार वणवण करावी लागत नाही. बाहेरून काढलेले फोटो भरपूर सापडतात. दमछाक होते ती कॉकपिटपाशी. युद्धाच्या धामधुमीत आत डोकावून फोटो काढायला कुणाला सवड होती? दुसऱ्या महायुद्धातलं हरिकेन हे ब्रिटिश लढाऊ विमान 1:48 प्रमाणात जेमतेम वीतभर भरतं आणि त्याच्या पॅनेलवरची मूळची 80 मिलिमीटरची मापकाची तबकडी दीड मिलिमीटरच्या आसपास उतरते. एवढ्याशा ठिपक्यासाठी एवढा आटापिटा कशाला, असं कुणी विचारलं की मी दिवाळीतला किल्ला आठवायला सांगतो. पन्हाळा केला असेल, तर तीन दरवाजा कुठे आणि अंधारबाव कुठे, हे गल्लीतलं पोरगंसुद्धा तपासून बघतं.

कोल्हापूरकराने हरिकेन करावं याला एक खास कारण आहे. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं होती. सैबेरियातून इराणमार्गे आलेली ही माणसं इथे राहत होती, तेव्हा त्यांच्यातल्या अनेक घरांतले पुरुष आघाडीवर लढत होते. महावीर उद्यानातला स्मारकस्तंभ आपण येता-जाता बघतो. याच पोलंडच्या वैमानिकांची 303 क्रमांकाची स्क्वाड्रन 1940मध्ये लंडनजवळच्या नॉर्थोल्टहून हरिकेन विमानं घेऊन लढली आणि ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मध्ये 126 विमानं पाडल्याचा दावा तिच्या नावावर लागला.

या वैमानिकांची पहिली झटापट कॉकपिटशीच झाली. मायदेशातलं त्यांचं पी-11 विमान किलोमीटर आणि मीटर दाखवायचं, हरिकेन मैल आणि फूट. पी-11ची चाकं कायम बाहेर असत, हरिकेनची उड्डाणानंतर आत घ्यावी लागत. ती आत घेण्याचा दांडा उजव्या हाताला होता. म्हणजे विमान जमीन सोडतं न सोडतं तोच स्टिक डाव्या हातात घ्यायची आणि उजव्या हाताने दांडा ओढायचा. मॉडेल करणाऱ्याने हा दांडा चुकून डावीकडे चिकटवला, तर त्या माणसांची ही सगळी धडपडच पुसली जाते.

हरिकेनच्या कॉकपिटला सलग तळही नव्हता. टाचांखाली दोन पन्हळी, त्यांच्या खाली सांगाड्याच्या नळ्या आणि मग अंधार. ब्रिटिश लढाऊ विमानांतला सटन पट्टा तर मुद्दाम बघण्यासारखा. चार पट्ट्यांना ओळीने भोकं आणि ती एकावर एक आणून त्यांतून सरकवलेली एकच पिन. किटमध्ये आधुनिक बकलांचे पट्टे आले असतील तर ते सरळ बाजूला ठेवावेत. सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदाच्या पट्ट्या कापून सुईने भोकं पाडली की काम होतं. वायरिंगसाठी उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून तांब्याच्या तारेचे तुकडे आणावेत, त्याहून बारीक आणि सरळ तार दुसरीकडे मिळणं कठीण.

एकाच जातीच्या दोन विमानांची कॉकपिटंही सारखी नसतात. 1940मध्ये जुने टीआर-9 रेडिओ जाऊन नवे व्हीएचएफ संच येत होते. नव्या संचाच्या पेटीवर ए, बी, सी, डी अशी चार बटणं आणि बंद करण्याचं एक बटण असे. ती पेटी बसवायची की नाही, हे कुठल्या महिन्यातलं विमान करतोय यावर ठरतं. अर्जनसिंगांच्या नेतृत्वाखाली 1944मध्ये इंफाळला लढलेल्या भारतीय हवाई दलाच्या 1 नंबर स्क्वाड्रनचं हरिकेन करायचं, तर 1940चा नकाशा तसाच उचलून चालणार नाही.

मराठी वाचकाला अधिक जवळचं विमान म्हणजे मुंबईच्या श्रीकृष्ण वेलिंकरांचं सॉपविथ डॉल्फिन. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात लढाऊ विमान चालवणारे जे मोजके भारतीय होते, त्यांतले हे एक. ते 23 नंबर स्क्वाड्रनमध्ये होते. जून 1918मध्ये गस्तीवर असताना त्यांचं विमान पडलं आणि ते जखमांनी गेले. फ्रान्समध्ये हँगार्डला त्यांची कबर आहे. डॉल्फिनची रचना विलक्षण होती. वरचा पंख थेट कॉकपिटच्या पोलादी चौकटीवर बसवलेला आणि त्या चौकटीच्या रिकाम्या जागेतून वैमानिकाचं डोकं वर आलेलं. वर आणि पुढे उत्तम दिसे, पण विमान उलटं पडलं तर पहिला मार डोक्यालाच, ही भीती वैमानिकांच्या मनात असायची. चौकटीवर वरच्या दिशेने रोखलेल्या दोन लुईस बंदुका असत. त्या हलून तोंडावर आदळत, म्हणून अनेक वैमानिक त्या काढून टाकत. रेडिएटर कॉकपिटच्या दोन्ही अंगांना आणि गरम पाण्याचे पाइप भिंतीलगत, त्यामुळे आत ऊब असे. एवढं कळल्यावर मॉडेलचं कॉकपिट नुसती पेटी राहत नाही, तिथे माणूस बसलेला दिसू लागतो.

रंगांच्या बाबतीत मात्र सावध राहावं. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल रंग काळपट आणि निळा फिकट उमटे, त्यामुळे कृष्णधवल फोटोवरून रंग ठरवणं धोक्याचं.

संग्रहालयातलं विमान डोळ्यांनी बघण्याला पर्याय नाही. कोल्हापूरहून गोवा जवळ आहे. तिथल्या नौदल हवाई संग्रहालयात जुन्या विक्रांत या विमानवाहू नौकेवरून उडणाऱ्या सी-हॉक आणि आलिझे जातीची विमानं उभी आहेत. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात हरिकेन आणि स्पिटफायर आहेत. आकार, खोली, दांड्यांच्या जागा तिथे कळतात. पण तिथला रंग हा पुरावा मानू नये, असं माझं ठाम मत आहे. निवृत्त विमान पुन्हा रंगवलं जातं, तबकड्या निघतात, दुसऱ्या विमानाच्या बसवल्या जातात. जुन्या तबकड्यांचे आकडे तर रेडियमच्या रंगाने रंगवलेले असत, त्यामुळे सुरक्षिततेसाठीही त्या हलवल्या जातात. वैमानिकांसाठी छापलेल्या ‘पायलट्स नोट्स’ या पुस्तिका त्याहून भरवशाच्या, आणि सगळ्यांत भरवशाचा म्हणजे क्रमांक आणि तारीख माहीत असलेला त्याच विमानाचा फोटो.

असे फोटो आपल्याच घरांत आहेत. कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातून किती तरी जण हवाई दलात तंत्रज्ञ म्हणून गेले. नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये मिग-21 बांधणारे हातही मराठीच होते. ते विमान सप्टेंबर 2025मध्ये सेवेतून निवृत्त झालं. त्याच्या पॅनेलच्या मधोमध एक उभी पांढरी रेघ असे. विमान गिरक्या घेऊ लागलं, तर स्टिक त्या रेघेच्या रोखाने मध्यावर आणायची. ती रेघ नेमकी कुठून कुठपर्यंत होती, हे सांगणारी माणसं अजून आहेत. यंदा दिवाळीत घरी गेलात, तर आजोबा-काकांचा जुना अल्बम काढा, त्यांना शेजारी बसवा आणि प्रत्येक फोटोच्या मागे विमानाचा क्रमांक, ठिकाण आणि साल पेन्सिलने लिहून ठेवा.