दोन ठोक्यांमधला फोटो

हृदय अख्ख्या शरीराला रक्त पाजते, पण स्वतः पिते ते मुख्यतः विसावताना. स्नायू आकसला की त्यातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि सैल पडला की कोरोनरी धमन्या भरतात. सीटी अँजिओग्राफी बहुधा याच विसाव्यात फोटो टिपते!

पनवेलजवळच्या विचुंब्यात कुणाच्या छातीत रात्री कळ आली, तर 'पित्त असेल' म्हणत सोडा पाजण्यात वेळ जातो. तो न दवडता आधी ईसीजी काढावा. त्यात एसटी नावाची रेषा वर उचललेली दिसली, तर बहुधा धमनी गुठळीने बुजलेली असते. अशा वेळी सीटीच्या वाटेला न जाता पनवेल, कामोठे, बेलापूर, जिथे कॅथलॅब लवकर गाठता येईल तिकडे निघायचे. तिथे मनगटातून नळी घालून डाय सोडतात, अडथळा दिसतो आणि त्याच वाटेने फुगा व स्टेंट जातो. रुग्णालयात पाऊल ठेवल्यापासून ९० मिनिटांत हे व्हावे, असा दंडक आहे.

नळीची ही तपासणी जन्मली अपघाताने. १९५८ साली क्लीव्हलँडमध्ये मेसन सोन्स यांच्या नळीतला डाय महाधमनीऐवजी थेट उजव्या कोरोनरीत गेला. हृदय काही क्षण थांबले. रुग्णाला खोकायला लावल्यावर ते पुन्हा चालू झाले.

पण ईसीजीत एसटी उचललेली नाही आणि दुखणे तर संशयास्पद, असे असेल तर? ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात चढणाऱ्या प्रथिनाची, तपासणी होते आणि निवडक रुग्णांत सीटीचा विचार होतो. गोळी देऊन ठोके मिनिटाला साठच्या आसपास आणतात, जिभेवर नायट्रोग्लिसरीन देतात, हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त डाय सोडतात. छातीवरच्या तारा यंत्राला विसाव्याचा क्षण कळवतात. जेमतेम तीन-चार मिलिमीटरची, सतत हलणारी धमनी स्थिर उमटते.

मला खरे नवल पुढेच वाटते. आत शिरलेल्या नळीला दिसते ती फक्त पोकळीतल्या डायची सावली. बाहेरच्या यंत्राला धमनीची भिंतही दिसते, अजून वाट न अडवलेला मऊ मेदाचा थरसुद्धा. मात्र कॅल्शियम फार साचले असेल किंवा नाडी अनियमित असेल, तर चित्र बिघडते.

डेन्मार्कमधल्या 'व्हर्डिक्ट' अभ्यासात (२०२०) एसटी न उचललेल्या सुमारे हजार रुग्णांची दोन्ही प्रकारे तपासणी झाली. सीटीने 'मोठा अडथळा नाही' म्हटलेल्या दर दहांपैकी नऊ जणांत ते खरे निघाले. धमनीत नळी न घालता मिळालेले हे उत्तर थक्क करणारे आहे, पण दहावा उरतोच. त्याचे दुखणे परतले किंवा ट्रोपोनिन चढले, तर डॉक्टर पुन्हा मनगटाकडेच वळतात.