मराठीखाली लाल रेघा का?

वर्डमध्ये अचूक मराठी टाइप केलं, तरी शब्दांखाली लाल नागमोडी रेघा उमटतात. वर्ड मजकुरासोबत त्याची भाषाही नोंदवून ठेवतं. हिंदी कीबोर्डवर टाइप केलं की नोंद हिंदीची होते आणि ‘आहे’सारखा साधा शब्दही चुकीचा ठरतो.

उपाय सोपा आहे. कंट्रोल आणि ‘ए’ दाबून सगळा मजकूर निवडा. ‘रिव्ह्यू’मधल्या ‘लँग्वेज’खाली ‘सेट प्रूफिंग लँग्वेज’ उघडून मराठी निवडा. रेघा मुळीच नको असतील, तर तिथेच स्पेलिंग न तपासण्याच्या चौकटीत खूण करा. पुढचं टायपिंग मराठी कीबोर्डवरच करा.

रेघांबरोबरच कधी दोन शब्दांच्या मधे ठिपके आणि परिच्छेदाअखेर उलट्या ‘पी’सारखी खूण दिसू लागली, तर कंट्रोल, शिफ्ट आणि ८ एकत्र दाबा. छापताना त्या खुणा कागदावर येत नाहीत.