आधी नळी, मग दस्ता

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं, गोळी 5.6 मिलिमीटरची.

अशा नेमासाठी रायफल घेताना हात आखडता असेल, तर पैसे नळीवर आणि काडतुसांवर घाला, चकचकीत दस्त्यावर नको. बार उडताच नळी थरथरते. गोळ्यांचा वेग कमीजास्त असला की प्रत्येक गोळी त्या थरथरीच्या वेगळ्या क्षणी बाहेर पडते आणि छिद्रं विखुरतात. म्हणूनच एकाच कंपनीच्या काडतुसांचा एक लॉट नळीला मानवतो, दुसरा मानवत नाही. जाणकार रायफल घट्ट आवळून बसवतात, प्रत्येक लॉटच्या दहा-दहा गोळ्या झाडतात आणि छिद्रांचा पुंजका मोजतात. सर्वांत लहान पुंजका देणारा लॉट मोसमभराचा घेऊन ठेवावा.

जुनी रायफल जरूर बघा. शिशाची गोळी मऊ असते, त्यामुळे नळी सावकाश झिजते. फक्त नळीच्या तोंडाची कड भिंगाखाली तपासा. तिथे टवका उडालेला असेल, तर गोळीमागचा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळी कलते. कड नव्याने तासून मिळते. तो खर्च किमतीत धरूनच सौदा करा.