नावशीचे लोक मरिनाला ‘नको’ का म्हणाले?

‘पर्यटन : शाप की वरदान’ हा निबंध आपण सगळ्यांनीच कधीतरी लिहिलाय, नाहीतर मुलांकडून लिहून घेतलाय. दोन परिच्छेद फायदे, दोन परिच्छेद तोटे आणि शेवटी ‘समतोल साधला पाहिजे’. झाला निबंध! पण एखाद्या गावात प्रकल्प खरोखर येतो तेव्हा तिथले लोक नेमकं कशाला नको म्हणतात, ते त्यात कधी येतच नाही. म्हणून आज एकच गाव घेऊया. गोव्यातलं नावशी.

बांबोळीच्या जवळ, झुआरी नदीच्या मुखापाशी नावशी हे मच्छीमारांचं छोटं गाव आहे. पलीकडच्या काठाला मुरगाव तालुक्यातलं चिखली. मुरगाव बंदरही याच मुखाशी. बंदराच्या हद्दीतल्या या पाण्यात एका खाजगी कंपनीची मरिना उभी राहणार, असं ठरलं आणि गावकरी, मच्छीमार विरोधात उभे राहिले.

मरिना म्हणजे सोप्या भाषेत होड्यांचा वाहनतळ. होड्या मात्र आपल्या रापणीच्या नव्हेत, श्रीमंतांच्या सहलीच्या नौका, म्हणजे यॉट. अशा नौकांना खोल आणि शांत पाणी लागतं. नदीच्या मुखाजवळचं किनाऱ्यालगतचं पाणी तर उथळ असतं. मग तळाचा गाळ यंत्राने उपसावा लागतो, लाटा अडवायला भिंत घालावी लागते, धक्के बांधावे लागतात. खरा प्रश्न इथेच सुरू होतो, कारण आपण ज्याला ‘गाळ’ म्हणून नाक मुरडतो तो रिकामा नसतो.

गाळात काय असतं?

ओहोटीला खाडीकाठी जाऊन बघा. चिखलात बारीक बारीक भोकं दिसतील. त्यांत कुर्ल्या असतात, किडे असतात, गाळाखाली तिसऱ्या असतात. काठाला कांदळवन असेल तर त्याच्या मुळांच्या जाळीत माशांची आणि कोळंबीची पिल्लं वाढतात. मोठ्या माशांना तिथे शिरता येत नाही, म्हणून पिल्लं वाचतात. मुलांना सांगताना मी याला ‘माशांची बालवाडी’ म्हणते. मुलांना ते लगेच कळतं!

झुआरीच्या गाळात, विशेषतः चिखलीच्या बाजूला, आणखी एक खास रहिवासी आहे. चकतीसारखा चपटा, पांढुरका आणि उजेड आरपार जाईल इतका पातळ शिंपला. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्या पाहिल्या असतील तर तुम्ही तो पाहिलाय. काच सहज मिळत नव्हती त्या काळात हे शिंपले चौकोनी कापून लाकडी चौकटीत बसवायचे. खोलीत मऊ उजेड यायचा, ऊन मात्र नाही. हा प्राणी तळाच्या चिखलावर पडून असतो आणि पाणी गाळून त्यातलं अन्न खातो. आसपास गाळ ढवळला गेला की तोच गाळ त्याच्यावर बसतो. उठून दुसरीकडे जाणं त्याला जमत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. वाघ-बिबट्यांच्या कायद्यात शिंपला, हे ऐकून वर्गात हमखास हशा पिकतो.

आता ‘पाणथळ’ या शब्दाबद्दल. पाणथळ म्हटलं की आपल्याला तळं आठवतं. पण 2 फेब्रुवारी 1971 रोजी इराणमधल्या रामसर इथे जो करार झाला, त्यात ओहोटीच्या वेळी सहा मीटरपर्यंत खोल असलेलं समुद्राचं पाणीही पाणथळ मानलंय. म्हणजे खाडी, चिखलपट्टा, कांदळवन सगळं आलं. ठाण्याची खाडी आणि गोव्याचं नंदा तळं 2022 मध्ये रामसरच्या यादीत गेलं. यादीत नाव नाही म्हणून बाकीच्या खाड्या कोरड्या होत नाहीत, एवढं लक्षात ठेवा. आपल्याकडच्या किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांतही (सीआरझेड) कांदळवनं आणि चिखलपट्टे सर्वांत नाजूक गटात धरलेत.

सातबारा कुठेय?

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा वेगळाच आहे. रस्त्यासाठी शेत गेलं तर शेतकरी सातबारा दाखवतो आणि मोबदला मागतो. खाडीचा सातबारा कोणाच्या नावावर असतो? आजोबांनी जिथे जाळं टाकलं तिथेच नातू टाकतो, पण त्याचा कागद नाही. मरिना झाली की होडी न्यायची वाट अडते, जाळं टाकायची जागा जाते, आणि सरकारी हिशेबात मात्र कोणाचंच काही गेलेलं नसतं! प्रकल्पात नोकऱ्या मिळतील असं सांगतात, मिळतीलही काही. पण स्वतःच्या होडीचा मालक असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या नौका धुवायच्या, याला बढती म्हणायचं का? ‘हे लोक विकासाच्या आड येतात’ असं पेपरात वाचून आपण मान डोलवतो, तेव्हा हा हिशेब आपण केलेलाच नसतो.

आणि पर्यटन म्हटलं की किनाऱ्यावरचे लोक विरोधच करतात, असंही नाही हो. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका 2017 पासून पर्यटकांना कांदळवनाची सफर घडवतात. होडी वल्ह्याची, माहिती सांगणाऱ्या त्याच. गाळ उपसायला नको, भिंत नको. कांदळवन तुटलं तर त्यांचाच धंदा बुडेल, म्हणून राखणही आपोआप होते. अर्थात अशा सफरीतून कोट्यवधींची उलाढाल होत नाही, हे मान्य केलं पाहिजे. पण जी होते ती गावात राहते.

वर्गात घेण्यासारखा एक उपक्रम सुचवते. परिसर अभ्यासाच्या तासाला गावातल्या खाडीचा, ओढ्याचा किंवा तळ्याचा नकाशा मुलांकडून काढून घ्या. त्यावर कोण कुठे मासे धरतं, कपडे धुतं, गुरं पाजतं, गणपती विसर्जन करतं ते लिहायला सांगा. मग त्यावर खडूने एक मोठा चौकोन काढा आणि विचारा, ‘इथे हॉटेल होणार आहे, आता कोणाला कुठे जावं लागेल?’ उत्तरं मुलांनाच देऊ द्या. वेळ मात्र दोन तासिकांचा ठेवा, एका तासिकेत भांडणं संपत नाहीत.