ताडीची पारख चवीवरून

माल्ट व्हिस्कीची ओळख पूर्वी प्रामुख्याने प्रदेशावरून सांगितली जाई; ही हायलँडची, ती आयलाची. संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड विशार्ट यांनी २००२ मध्ये ‘व्हिस्की क्लासिफाइड’ या ग्रंथात वेगळी वाट धरली. धूर, मध, फळे, फुले, मसाला अशा १२ चवींच्या कसोटीवर त्यांनी ८६ व्हिस्की पारखल्या आणि त्यांचे १० गट पाडले. व्हिस्की कोणत्या गावची, यापेक्षा ती जिभेला कशी लागते, याला त्यात महत्त्व आले.

पालघर, बोईसर, तारापूरच्या पट्ट्यात ही कसोटी ताडीला लावता येते. फरक इतकाच, की व्हिस्की लाकडी पिंपात वर्षानुवर्षे मुरते, तर ताडीची चव मडक्यात तासागणिक पालटते.

पहिला भेद झाडाचा. ताडाची ती ताडी, माडाची माडी आणि खजुरीच्या झाडाची शिंदी. ताड व माड यांचा रस फुलोऱ्याच्या दांड्याला छेद देऊन मिळतो. खजुरीचा रस शेंड्याजवळचे खोड तासून काढतात.

दुसरा आणि अधिक निर्णायक भेद वेळेचा. न आंबलेला रस म्हणजे नीरा. तिच्यात साधारण १० ते १४ टक्के साखर असते. ती आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना लावण्याची रीत आहे. चुना नसेल, तर हवेतील व मडक्यातील यीस्ट रस झाडावर असतानाच काम सुरू करते. काही तासांत तो पांढरट, फेसाळ आणि आंबटगोड होतो. त्यात साधारण ४ ते ६ टक्के मद्यार्क तयार होतो. ही खरी ताडी. पुढे आम्ल तयार करणारे जिवाणू वरचढ ठरतात, गोडी सरते आणि अखेर शिरका उरतो. गोव्यातील पोदेर पाव फुगवण्यासाठी यीस्टऐवजी सूर, म्हणजे माडीच, वापरत असत.

हे गट कायद्यालाही मान्य आहेत. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमात न आंबलेली नीरा आणि आंबलेली ताडी यांच्या व्याख्या स्वतंत्र आहेत.

या वर्गीकरणाचा उपयोग केवळ रसिकांपुरता नाही. भेसळीच्या ताडीत गोडीसाठी सॅकरिन आणि नशेसाठी क्लोरल हायड्रेट मिसळल्याचे प्रकार देशात अनेकदा उघडकीस आले आहेत. क्लोरल हायड्रेट हे गुंगी आणणारे रसायन असून त्याची मात्रा वाढल्यास जीवही जातो. अस्सल ताडी दिवसभरात आंबत जाणारच. सकाळची गोडी संध्याकाळीही जशीच्या तशी असेल, तर संशयाला जागा आहे. मात्र जिभेची पारख येथेच संपते. चव बिघडली नाही म्हणून ताडी निर्भेळ ठरत नाही. त्याचा निवाडा प्रयोगशाळेतच होतो.