एक जोडणी, दोन लॅपटॉप

म्हैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे तालुका कबिनी जलाशय व नागरहोळे अरण्याच्या लगत आहे. अशा ग्रामीण भागात घरातील दोन विद्यार्थ्यांचा ऑनलाइन अभ्यास पुष्कळदा एकाच मोबाइल जोडणीवर अवलंबून असतो.

‘हॉटस्पॉट’ सुरू करताच फोन राउटरचे कार्य करतो. प्रत्येक लॅपटॉपला तो १९२.१६८ ने आरंभ होणाऱ्या पत्त्यासारखा खासगी पत्ता देतो, दोघांच्या विनंत्या स्वतःच्या पत्त्याने बाहेर पाठवतो आणि आलेले उत्तर कोणाचे, याची नोंद पाहून ते योग्य ठिकाणी वळवतो. आयपीव्ही-४ प्रणालीत पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सुमारे ४२९ कोटीच असल्याने ही ‘पत्ता रूपांतरण’ पद्धत जगभर रूढ झाली.

वेग मात्र यामुळे वाढत नाही. तो विभागला जातो. एकाने चित्रफीत लावली की दुसऱ्याचा वर्ग अडखळतो. लॅपटॉपची स्वयंचलित अद्यतने तर दिवसाचा डेटा नकळत संपवतात. ती प्रथम थांबवावीत. फोन संकेत सशक्त असेल तेथे, बहुधा खिडकीशी, ठेवावा.

जोडणी वाटून घेण्याचे हेच तत्त्व ‘पीएम-वाणी’ योजनेत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी तिला मान्यता दिली. तीनुसार किराणा दुकानदारही परवाना अथवा नोंदणी शुल्काविना सार्वजनिक वाय-फाय सेवा देऊ शकतो. अर्थात, त्याच्या दुकानापर्यंत ब्रॉडबँड आधी पोहोचावे लागते. २०११ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याचे, म्हणजे आजच्या ‘भारतनेट’चे, महत्त्व येथेच आहे.